बोंडं दिवाळीत येत नाहीत

आपल्या बेळगाव भागात सुगी आटोपली की साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा... एकेका गावाचा एकेक रविवार. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, ठराव, जेवण, कथाकथन, कविसंमेलन. 1946 च्या बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इथलं संमेलन आणि सीमाप्रश्न यांची फारकत कधी झालीच नाही, आणि ते साहजिकही आहे. पण मुलांच्या वाट्याला काय यायचं? दिंडीत लेझीम, डोक्यावर कलश आणि नंतर मागच्या सतरंजीवर चुळबुळ. व्यासपीठावरचा पाहुणा काय लिहितो, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसे.

म्हणून आमच्या शाळेतल्या गुरुजींची एक चलाखी इथं लिहून ठेवते. शेजारच्या गावच्या संमेलनाला पुण्याच्या एक लेखिका आल्या होत्या, मुलांसाठी लिहिणाऱ्या. गुरुजींनी त्यांना रात्री बेळगावला परतूच दिलं नाही. मुक्काम गुरुजींच्या घरी आणि सोमवारी सकाळी थेट आपल्या शाळेत. मी तेव्हा सहावीत होते.

हेडमास्तरांनी टेबलावर चादर अंथरून हार आणून ठेवला होता. बाईंनी हार घेतला, पण भाषण करणार नाही म्हणाल्या आणि सरळ व्हरांड्याच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. "विचारा," म्हणाल्या. आम्ही गप्प. शेवटी दूध घालून शाळेला येणाऱ्या एका पोरानं विचारलं, "ओ बाई, पुस्तक लिहिलं की पगार मिळतो काय?" गुरुजींनी डोळे वटारले. बाई मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पगार नसतो; पुस्तक खपलं की किमतीच्या साधारण दहा टक्के लेखकाला मिळतात, असं त्यांनी नीट सांगितलं. पोरानं बोटांवर हिशेब केला. दहा रुपयांच्या पुस्तकाला एक रुपया, शंभर खपली तर शंभर. "आमची म्हस परवडली की मग!" त्यानंतर जो हशा पिकला, त्यात सगळ्यांची भीड मोडली.

मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. पाठकोरे कागद, कोपऱ्यात टाचणी, निळ्या शाईतलं बारीक अक्षर आणि ओळीओळीला खाडाखोड. एक अख्खा परिच्छेद तिरक्या रेघेनं उडवलेला, समासात बाण काढून दुसरंच काही लिहिलेलं. आमच्या वहीत इतकी खाडाखोड असती तर छडी बसली असती. तोवर पुस्तक म्हणजे आमच्या लेखी ऑफिसातल्या पत्र्याच्या पेटीत कुलपाखाली राहणारी चीज, साहेब तपासणीला आले की पुसून बाहेर काढायची. 'किशोर' हे बालभारतीचं, म्हणजे महाराष्ट्राचं मासिक. आमची पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकारची. त्यामुळे 'किशोर'चे जुने अंक कुणाच्या तरी महाराष्ट्रातल्या, चंदगडच्या मामाकडून यायचे, तेही कव्हर गेलेले. पुस्तक कुणीतरी बसून, खोडून, परत लिहिलेलं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बाई वाचू लागल्या. गोष्टीतला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत खानापूरकडे आत्याच्या गावी जातो आणि काजूच्या झाडाखाली पिकलेली बोंडं गोळा करतो. इथं मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. घरी काजूची झाडं असलेली, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. "दिवाळीत बोंडं कुठली ओ बाई? शिमग्याच्या पुढं येतात की." लगेच सगळीकडून गलका. दिवाळीत झाडाला मोहोरसुद्धा नसतो, बोंडाचा डाग कपड्यावरून जात नाही, ओली बी सोलताना चीक लागला की बोटांची सालं जातात. गुरुजी "गप्प, गप्प" करत होते. बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि आमच्यासमोर 'दिवाळी' खोडून टाकली. मग अडल्या. शिमग्याच्या सुमाराला लांब सुट्टी कुठून आणायची? त्यावरही आम्ही वाद घातला आणि शेवटी मुलाला वार्षिक परीक्षेनंतर, एप्रिलात पाठवायचं ठरलं. चिकाची गोष्ट त्यांनी समासात टिपून घेतली.

एवढ्या वर्षांत मी बरीच व्याख्यानं ऐकली, 'वाचाल तर वाचाल' तर पाठच आहे. त्यातल्या कुठल्याच व्याख्यानानं मला पुस्तकाकडे नेलं नाही. त्या खोडलेल्या ओळीनं मात्र नेलं. संमेलनवाल्यांना माझं सांगणं आहे, पाहुण्यांची शाल-श्रीफळ थोडक्यात उरका आणि त्यांची एक सकाळ शाळेसाठी मागून घ्या. खर्च फार तर एका मुक्कामाचा.

बाईंना बसला सोडायला अर्धी शाळा गेली. पाटी कन्नडमधली, त्यांना वाचता येईना. कन्नड आम्हाला सक्तीचं. तिसरीतल्या पोरानं ती घडाघडा वाचली आणि "ही नव्हे, मागची" म्हणून बाईंना थांबवलं.

पुस्तक निघालं तेव्हा मी हायस्कूलला बेळगावला जात होते. गुरुजींनी बोलावून दाखवलं. बोंडं एप्रिलात आली होती, चीक होता, पाटी वाचणारं पोरगंही होतं. फक्त देवळापुढं थांबणारी बस बाईंनी तळ्याजवळ नेऊन थांबवली होती. त्या वर्षीच्या सातवीनं लागलीच पुण्याला कार्ड घातलं.