वरचा कप्पा, खालचा कप्पा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एक फार सुंदर निकाल मिळाला होता. तो मी माशांवर तपासत असलेल्या औषधाचा नव्हता, माशांच्या टाक्या ठेवायच्या रॅकच्या कप्प्याचा होता. हे कळायला सात महिने गेले.

झेब्राफिश हा प्रयोगशाळेत वापरला जाणारा छोटा पट्टेदार मासा. तो अनोळखी टाकीत सोडला की आधी सरळ तळ गाठतो. जरा धीर आला की वर येऊन हिंडू लागतो. सहा मिनिटांचं चित्रीकरण करायचं आणि तो वरच्या अर्ध्या पाण्यात पहिल्यांदा कधी आला, तिथे किती वेळ राहिला, किती वेळा जागीच थिजला, हे मोजायचं. त्यावरून त्याच्या भीतीचा अंदाज बांधतात. माझ्या पहिल्या बॅचमध्ये औषधाचं द्रव्य दिलेले मासे लवकर वर आले आणि कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी द्रव्य न दिलेले, मासे तळाशीच राहिले. तो आलेख मी पुन्हा पुन्हा उघडून बघायचे.

दुसऱ्या बॅचमध्ये फरक दिसेनासा झाला. तिसऱ्या बॅचमध्ये तो चक्क उलटा आला. मी द्रावणं नव्याने बनवली, वजनकाटा तपासून घेतला, कोणता मासा कोणत्या गटातला हे झाकून सगळे व्हिडिओ परत मोजले. पाण्याची वही चाळली. तापमान २८ अंशांच्या आसपास, सामू ७ च्या जरा वर, अमोनिया नाही, दिवे १४ तास चालू आणि १० तास बंद. वहीत बोट ठेवायला जागा नव्हती.

माशांना खाणं घालणारे काका एकदा सहज म्हणाले, "वरच्या कप्प्यातले मासे जास्त बुजतात. हात दिसला की पांगतात." त्या दिवशी मी पहिल्यांदा रॅकसमोर नुसतीच उभी राहिले. वरच्या टाक्यांवर ट्यूबलाइट अगदी जवळून पडत होती, खालच्या टाक्यांवर वरच्या कप्प्याची सावली होती. पहिल्या बॅचमध्ये सोयीचं पडतं म्हणून मी सगळे कंट्रोल वर आणि द्रव्याचे सगळे मासे खाली ठेवले होते. दुसऱ्या बॅचमध्ये दोन्ही गट दोन्हीकडे मिसळले होते. तिसऱ्यात जागा उलट्या होत्या.

मग द्रव्य बाजूला ठेवलं. एकाच वेळच्या अंड्यांतून आलेली भावंडं दोन कप्प्यांत वाटली, दोन आठवडे राहू दिली आणि चाचणी घेतली. खालचे मासे लवकर वर आले. त्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा दोन आठवडे थांबले. आता पूर्वीचे भित्रे धीट झाले होते. ते मासे इतके महिने त्या दिव्याखाली दबून राहिले आणि मी त्यांना "कंट्रोल" म्हणत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

एकदा डोळे उघडल्यावर बाकीचंही दिसू लागलं. जनुकीय तपासणीसाठी शेपटीचा तुकडा घेतलेले मासे आम्ही काही दिवस एकेकटे ठेवायचो. हा थव्याने राहणारा मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतल्या उथळ, संथ पाण्यात, गोट्यांवर आणि झाडोऱ्यात वाढणारा. आमच्या टाक्या मात्र धुवायला सोप्या म्हणून पूर्ण रिकाम्या. आम्ही टाकीखाली गोट्यांचं छायाचित्र चिकटवलं आणि आत प्लास्टिकचं एक झाड ठेवलं. बहुतेक टाक्यांत पाठलाग कमी झाला. एका टाकीत मात्र एका नराने ते झाडच बळकावलं आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबलं. तिथे एकाऐवजी तीन झाडं विखरून ठेवावी लागली.

जाळीचंही तसंच. जाळीने हवेत उचललेल्या माशाचं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं संप्रेरक, काही मिनिटांतच चढतं आणि उतरायला साधारण तासभर लागतो. म्हणजे मी लगेच चाचणी घेत होते तेव्हा जाळीची भीतीही मोजत होते. त्यात खरवडलेल्या त्वचेतून धोक्याचा इशारा देणारं रसायन पाण्यात सुटतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दुसऱ्या एका छोट्या माशात हेच दाखवलं होतं. आता मी मासा बीकरने पाण्यासकट उचलते आणि दर माशानंतर चाचणीच्या टाकीतलं पाणी बदलते.

सगळ्यात जड गेलं ते मोजणीचं गणित. एका टाकीतले १० मासे एकच पाणी, एकच प्रकाश आणि एकच दांडगा नर वाटून घेतात. त्यांना १० स्वतंत्र नमुने धरता येत नाही. माझे ४० मासे म्हणजे प्रत्यक्षात ४ टाक्या होत्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हे शांतपणे सांगितलं. मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी नवा आराखडा काढला: टाक्या जास्त, मासे प्रत्येकीत कमी, पण एकटा कुणीच नाही. प्रत्येक कप्प्यात दोन्ही गट सारखे, आणि कोणती टाकी कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून. चाचणी रोज ठरलेल्याच वेळी.

आठ आठवड्यांनी द्रव्याचा परिणाम दिसला. पहिल्या आलेखापेक्षा बराच लहान, पण वरच्या कप्प्यात होता तसाच खालच्याही.