आधी तिकिटं बघ, मग परीक्षा ठरव

2022 च्या शेवटी आमच्या टीममधले सगळे एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट हे प्रमाणपत्र करत होते, म्हणून मीही केलं. 65 प्रश्न, 130 मिनिटं. पास झाले, आईने पेढे वाटले. पण माझं काम होतं रात्रपाळीत लिनक्स सर्व्हर सांभाळायचं. एडब्ल्यूएसचा कन्सोल ऑफिसात मला कधी उघडावाच लागला नाही, आणि वर्षभरात निम्मं विसरले. परीक्षा वाईट नव्हती, माझ्या कामाची नव्हती. तीन वर्षांची मुदत संपली तेव्हा पुन्हा दिली नाही.

त्याआधीच एका रात्री डोळे उघडले होते. पॅचिंगनंतर, म्हणजे अपडेट टाकल्यावर, सर्व्हर रीबूट केला, तो वर आला, पण डेटाची डिस्क दिसेना. कोणीतरी ती हाताने माउंट केली (जोडली) होती; सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते ज्या फाइलमध्ये असतं, त्या एफएसटॅबमध्ये ओळच टाकली नव्हती. पहाटे चारपर्यंत मी तेच शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या तीन महिन्यांची बंद झालेली तिकिटं, म्हणजे आमच्याकडे नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं, एक्सेलमध्ये काढली. डिस्क भरली, एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) वाढवा, सर्व्हिस सुरू होत नाही, एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेमुळे फाइल वाचता येत नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या परीक्षेचा अभ्यासक्रम शेजारी उघडला, तर जवळजवळ तीच यादी! त्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. केलेलं रीबूटनंतर टिकलं नाही तर मार्क नाहीत. 300 पैकी 210 लागतात. अभ्यासाला बसले तेव्हा प्रत्येक धड्यात ऑफिसातली एखादी रात्र आठवत होती.

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला, "ताई, सीआयएसएसपी करू का? पगार चांगला मिळतो म्हणतात." त्याला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेत. सीआयएसएसपी हे माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र; त्याला सुरक्षेच्या आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. संगणक किंवा तशाच विषयातली पदवी असली तर त्यातलं एक वर्ष सुटू शकतं. परीक्षा आधी देता येते, पण अनुभव पुरा होईपर्यंत नुसतं असोसिएट म्हणवून घ्यावं लागतं. मी म्हटलं, "आधी तुझी तिकिटं काढ."

काल रात्री त्याने यादी पाठवली. निम्म्याहून जास्त ठिकाणी व्हीलॅन, डीएचसीपी आणि स्विचचे पोर्ट, म्हणजे सगळं नेटवर्कचं काम. सीसीएनए या नेटवर्कच्या परीक्षेचा अभ्यासक्रम मी काढून ठेवलाय. रविवारी तो घरी येतोय, दोन्ही याद्या शेजारी ठेवून बसणार आहोत.