चवड्याखालची चामखीळ : चौदा आठवड्यांचा हिशेब

चवड्याखाली ६ मिलिमीटरचा कडक गोळा होता आणि मी त्याला कुरूप समजून वजरीने घासत होतो. कुरूप दाबामुळे होतं, पादत्राण बदललं की हळूहळू जातं. चामखीळ विषाणूची असते, तिला चपलेशी काही देणंघेणं नसतं. दोन्हीतला फरक घरी कळू शकतो. वरचा जाड थर भिजवून खरवडायचा आणि भिंगातून बघायचं. कुरुपावरून त्वचेच्या बारीक रेषा सलग जातात, चामखिळीपाशी येऊन त्या तुटतात. आत काळे ठिपके दिसले तर ती बहुधा चामखीळच. चिमटीत दोन बाजूंनी दाबल्यावर चामखीळ जास्त दुखते आणि कुरूप सरळ वरून दाबल्यावर, असंही सांगतात. पण तळपायावर या खुणेवर फार भरवसा ठेवू नये. अंगाच्या वजनाने चामखिळीवरही घट्टा चढतो आणि ती दोन्हीकडून दुखते.

त्या काळ्या ठिपक्यांना लोक मुळं म्हणतात आणि सुईने उकरत बसतात. ती मुळं नव्हेत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्यांची टोकं आहेत. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस त्वचेच्या वरच्या थराखाली उतरतच नाही. बारीकशा खरचटीतून तो या थराच्या तळाशी असलेल्या पेशींत शिरतो, त्या पेशी वर सरकत जातात तसा वाढतो आणि कोंड्यासारख्या मेलेल्या पापुद्र्यांबरोबर बाहेर पडतो. पेशी फोडत नाही, रक्तात येत नाही, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला बराच काळ त्याचा पत्ताच लागत नाही. उपचारांचं अर्धं गणित इथेच आहे: विषाणू मारणारं औषध आपल्याकडे नाही. संसर्ग झालेली कातडी थराथराने काढायची आणि त्या जागी थोडी जळजळ उठवून प्रतिकारशक्तीला जागं करायचं.

काहीच न करणं हाही एक मार्ग आहे. मुलांमधल्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. मोठ्यांमध्ये वेळ जास्त लागतो. मला चालताना दुखत होतं, म्हणून मी थांबलो नाही. पण मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा पायांतला रक्तप्रवाह कमी असेल, तर पुढचं काहीही घरी करू नये. चेहरा, जननेंद्रियं आणि जन्मखूण किंवा तीळ यांवरही पुढे दिलेलं औषध चालत नाही.

औषध म्हणजे १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि लॅक्टिक ॲसिड, कोलोडियनमध्ये, म्हणजे वाळल्यावर पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रवात, विरघळवलेलं. रोज रात्री एकदा. आधी ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग कोरडा. भिजून पांढरा पडलेला थर नखांच्या कागदी कानशीने घासून काढायचा. गुलाबी कातडी दिसली, दुखलं किंवा रक्ताचा टिपूस आला की थांबायचं. कानशीचे तुकडे करून ठेवले होते. वापरलेला तुकडा फेकून द्यायचा, चांगल्या त्वचेला किंवा नखाला तो लावायचा नाही, कारण घासून निघालेल्या भुकटीत विषाणू असतो. मग चामखिळीभोवती पेट्रोलियम जेलीचं कडं. ते चामखिळीवर चढलं तर औषध धरत नाही, तेव्हा हे काम कापसाच्या बारीक काडीने. मग औषधाचा एक थेंब काडीच्या टोकाने मधोमध, तो वाळू द्यायचा, वर दुसरा. पांढरा पापुद्रा धरला की वरून चिकटपट्टी. झाकल्याने ओल टिकते आणि ॲसिड खोल जातं. द्रावण पेट घेणारं असतं, म्हणून जवळपास ज्योत नको. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर आतला ईथर उडून औषध मधासारखं दाट होतं. मग ते पसरत नाही, नवी बाटली घ्यावी.

सगळ्यात जास्त चूक होते ती कालच्या पापुद्र्यावरच आजचा थेंब टाकण्याची. मीही पहिले काही दिवस तेच केलं. औषध मेलेल्या कातडीवर साचत जातं, खालच्या जिवंत भागापर्यंत पोचतच नाही, आणि माणूस म्हणतो औषधात दम नाही. जुना पापुद्रा सोलणं आणि घासणं हेच खरं काम आहे, थेंब दुय्यम.

पहिल्या दोन आठवड्यांत चामखीळ मोठी झाल्यासारखी वाटते, कारण आजूबाजूचा घट्टाही पांढरा पडतो. तिसऱ्या आठवड्यात बहुधा जागा हुळहुळी होते. कातडी लाल आणि ओली दिसली तर दोन-तीन दिवस औषध बंद, मग पुन्हा सुरू. पाचव्या ते आठव्या आठवड्यात काहीच घडत नाहीसं वाटतं आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. नवव्या आठवड्यात माझे काळे ठिपके विरळ झाले, अकराव्यात जागा सपाट झाली. इथे फसायला होतं. सपाट, गुलाबी, गुळगुळीत गोल म्हणजे चामखीळ गेली असं नाही. त्वचेच्या रेषा त्या जागेवरून आरपार जाताना दिसल्या, की मग थांबायचं. मला त्यासाठी आणखी तीन आठवडे लागले.

यशाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० जणांपैकी अर्ध्यांना ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड दिलं, अर्ध्यांच्या चामखिळी द्रव नायट्रोजनने गोठवल्या. बारा आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले दोन्हीकडे १४ टक्केच. म्हणजे तळपायासाठी गोठवणं हा वरचढ उपाय नाही, फक्त जास्त दुखणारा आहे. चिकटपट्टीचंही तसंच: २००२ च्या एका छोट्या चाचणीत नुसत्या चिकटपट्टीने ८५ टक्के चामखिळी गेल्या आणि गाजावाजा झाला, नंतरच्या चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही.

तरीही हातावरच्या चामखिळीसाठी गोठवणं उपयोगी पडतं. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसचा. घरगुती फवाऱ्यातलं डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन यांचं मिश्रण उणे ५७ च्या आसपासच जातं, त्यामुळे जाड कातडीत त्याची मजल फारशी नाही. डॉक्टर आधी जाड थर छाटतात, कडेला एक-दोन मिलिमीटर पांढरी किनार येईपर्यंत गोठवतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. फोड येतो, कधी रक्ताने भरलेला. त्याचं वरचं कातडं सोलू नये. कडा अपुऱ्या गोठल्या तर मधला भाग बरा होतो आणि भोवती चामखिळीचं कडंच उगवतं. सावळ्या त्वचेवर पांढरट डाग महिनोन्महिने राहू शकतो, आणि बोटांच्या कडेला खाली नसा असल्याने तिथे हात जपून चालवावा लागतो. चार ते सहा वेळा करूनही फरक नसेल तर तोच उपाय रेटण्यात अर्थ नाही.

मग इंजेक्शनं असतात. ब्लिओमायसिन हे पेशी मारणारं औषध चामखिळीत टोचतात. किंवा कँडिडा बुरशीचं प्रतिजन (प्रतिकारशक्ती ओळखते तो अंश) नाहीतर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस त्यात सोडतात. या दुसऱ्या प्रकारात लक्ष्य चामखीळ नसून प्रतिकारशक्ती असते, म्हणून कधी कधी एकीला टोचल्यावर हात न लावलेल्या दूरच्या चामखिळीही जातात. तळपायावर कापणं किंवा जाळणं हा माझ्या मते शेवटचा पर्याय: व्रण राहिला तर तो प्रत्येक पावलाला टोचतो. शिवाय जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणू सापडलेला आहे, म्हणून धूर ओढून घेणारं यंत्र आणि मुखपट्टी लागतेच.

जननेंद्रियांवरच्या चामखिळी निराळ्या, बहुतांशी याच विषाणूच्या ६ आणि ११ या क्रमांकांच्या प्रकारांच्या. पायाचं ॲसिड तिथे कदापि नको. इमिक्विमॉड ५ टक्के मलम आठवड्यातून तीन रात्री, ६ ते १० तासांनी धुऊन, जास्तीत जास्त १६ आठवडे. किंवा पोडोफायलोटॉक्सिन दिवसातून दोनदा तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी. हे दुसरं गरोदरपणी वर्ज्य. तपासणी आधी, औषध नंतर.

बचावाचं म्हणाल तर, या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर दुबळं ठरतं. साबणाने चोळून धुणं बरं. सार्वजनिक न्हाणीघरात आणि पोहण्याच्या तलावाकाठी चप्पल, टॉवेल स्वतःचा, चामखिळीवर जलरोधक पट्टी. नखं कुरतडण्याने ती नखांच्या कडेने पसरते, दाढीच्या पात्याने ओळीने पसरते; चामखीळ असलेल्या जागेवर पातं फिरवू नये.

या विषाणूवरच्या लसीबद्दल गैरसमज फार. नऊ प्रकारांविरुद्धची लस ६, ११, १६, १८, ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ या प्रकारांवर काम करते, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आणि जननेंद्रियांच्या चामखिळींवर. हातापायाच्या चामखिळी प्रामुख्याने १, २, ४, २७, ५७ या प्रकारांच्या, त्या तिच्या कक्षेत नाहीत. असलेल्या चामखिळीही ती घालवत नाही. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, ही नेहमीची पद्धत. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ९ ते २० वयासाठी एका मात्रेचा पर्यायही मान्य करते.

झपाट्याने वाढणारी, चिघळणारी, रंग बदलणारी गाठ किंवा नखाखाली वर्षानुवर्षं बरी न होणारी एकटी चामखीळ ही घरी घासण्याची गोष्ट नव्हे. ती कर्करोगाची असू शकते, नमुना तपासून घ्यावा.

थांबल्यानंतर तीन महिने मी दर महिन्याला जागा भिजवून भिंगातून बघितली. एखादा काळा ठिपका दिसला असता तर त्याच रात्री कोमट पाणी आणि कानशीचा नवा तुकडा काढायचा, असं ठरवलं होतं.