फ्रीडॉसची सीडी: कंपायलर बहुतेक ठरले

वेंगुर्ल्याच्या वाचनालयातल्या जुन्या पेंटियम संगणकासाठी फ्रीडॉसची (एमएस-डॉससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) सीडी करतोय, तिचं काम पुढे सरकलं. पाऊस लागला की इथे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून अट एकच: मुलांनी सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) उघडावा, बदलावा आणि त्याच मशीनवर, नेटवरून काहीही न घेता, पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवावा. अगदी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभासुद्धा.

नॅस्म हा असेंब्लर लगेच आत आला. कर्नलमधल्या असेंब्लीला तो लागतोच आणि लायसन्सही बीएसडी, म्हणजे मोकळं.

सी कंपायलरवर मात्र खूप घासाघीस झाली. ओपन वॉटकॉम थेट डॉसवर चालतो, 16 आणि 32 बिट दोन्ही कोड देतो, कर्नलही त्याने बिल्ड होतो. अडचण लायसन्सची. ओएसआयची (ओपन सोर्स लायसन्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असली तरी एफएसएफ (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) ते मुक्त मानत नाही, कारण बदललेली प्रत बाहेर कुणालाही न देता संस्थेच्या आत वापरली तरी सोर्स जाहीर करण्याची अट लागू होऊ शकते. वाचनालय ही संस्थाच आहे, त्यामुळे मला हे खटकतं. आयए16 जीसीसी हा कंपायलर जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, 8086 या जुन्या 16 बिट प्रोसेसरसाठी कोड काढतो आणि त्याचं डॉसवर चालणारं पॅकेजही मिळतं. मुलांच्या स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी तोच मुख्य ठेवलाय. वॉटकॉम सध्या फक्त कर्नलपुरता, वेगळ्या फोल्डरमध्ये, लायसन्सच्या पूर्ण मजकुरासह.

टर्बो सी++ साठी बऱ्याच जणांचा आग्रह आहे. आपल्याकडे कॉलेजात पिढ्या त्यावर शिकल्या, त्यामुळे तो आग्रह मी समजू शकतो. पण सोर्सच खुला नाही, तेव्हा तो या सीडीत बसत नाही. त्या निळ्या स्क्रीनची सवय असलेल्यांसाठी डीजेजीपीपी या डॉसवरच्या कंपायलरसोबत आरएचआयडीई हे कोड लिहायचं वातावरण घेतलं, ते दिसायला बोरलँडच्या वळणाचंच आहे. डीजेजीपीपीला किमान 386 प्रोसेसर लागतो, आपला पेंटियम त्यापुढचाच आहे. 1996 साली क्वेक या गेमची डॉस आवृत्ती त्याच कंपायलरने तयार झाली होती, हे सांगितल्यावर गेम लिहायला उत्सुक पोरं लगेच बसतील, याची मला खात्री आहे.

फ्री पास्कल (पास्कल भाषेचा कंपायलर) जागा उरली तर.

आता कर्नल लिनक्सची मदत न घेता, डॉसवरच आयए16 जीसीसीने बिल्ड करून बघायचाय. ते जमलं की वॉटकॉम सीडीतून काढणार. कुणी आधी केलं असेल तर तुमची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) नक्की दाखवा.