तरी दलालाकडेच का जाता?

लग्नात, पंपावर, वडाखाली, कुठेही बसलो की कोणीतरी विचारतंच, "ट्रकला भाडं मिळवून देणारे दलाल पैसे बुडवतात हे माहीत असून पुन्हा त्यांच्याच दारात गाडी का लावता? थेट कंपनीचं भाडं घ्या ना." परवा पुतण्याच्या मित्रानेही हेच विचारलं. तो कर्ज काढून पहिली गाडी घेतोय. सगळेच विचारतात म्हणून नीट सांगतो.

माझी एकच गाडी, बारा टायर. मालकही मी, ड्रायव्हरही मी. पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा आणि चेन्नईला कोयंबेडूच्या बाजारात खाली करायचा, हे माझं मुख्य काम. जाताना त्रास नाही. पिंपळगावचे व्यापारी ओळखीचे, भाडं तोंडी ठरतं आणि मिळतंही. खरा प्रश्न येतानाचा आहे. गाडी खाली झाली की मी घरापासून तेराशे किलोमीटरवर उभा असतो. तिथली भाषा येत नाही, एकाही कारखान्याचं गेट ओळखीचं नाही. रिकामी आणायची म्हटलं, लिटरला पाच किलोमीटर धरले, तरी अडीचशे लिटरच्या वर डिझेल जातं. टोल वेगळा. बँकेचा हप्ता गाडी रिकामी की भरलेली ते बघत नाही. अशा वेळी ट्रक टर्मिनलजवळ टेबल टाकून बसलेला माणूस म्हणतो, "चाकण आहे, आज रात्री भरती." तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

थेट कंपनीचंही करून पाहिलं. चाकणच्या एका कारखान्यात गेलो. पहिला प्रश्न, गाड्या किती? एक म्हटल्यावर साहेबांनी पाणी दिलं, चांगलं बोलले आणि सांगितलं की करार पंचवीस गाड्यांच्या खाली होत नाही, बिल लावल्यावर पैसे साठ ते नव्वद दिवसांनी. मला डिझेल आज टाकायचं असतं. म्हणून मध्ये ट्रान्सपोर्ट कंपनी येते. तिला गाड्या कमी पडल्या की दलाल येतो, आणि कधी कधी दलालाचाही दलाल. माल एकाचा, बिल्टी म्हणजे मालाची पावती दुसऱ्याची, भाडं बोलणारा तिसराच.

पण दलाल फुकट कमिशन खातो असं मी म्हणणार नाही. भरती झाल्याबरोबर भाड्याचे ऐंशी-नव्वद टक्के ॲडव्हान्स हातात देणारा तोच असतो. होसूरला एक जण आहेत, त्यांच्याकडून मी नऊ वर्षं भाडं घेतोय. एकदा पावसात गाडी पाच दिवस गेटवर उभी राहिली, तेव्हा माझ्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडून त्यांनी हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मिळवून दिलं. अशी माणसं आहेत म्हणून हा धंदा चालतो.

पैसा बुडतो तो राहिलेल्या दहा-वीस टक्क्यांत. त्याला आम्ही बाकी म्हणतो. माल उतरला, घेणाऱ्याने बिल्टीवर सही-शिक्का दिला की ती झाली पोच. पोच पोहोचली की बाकी मिळायची, असा रिवाज.

माझी बुडाली ती अशी. चेन्नईच्या माधवरमहून चाकणला गाड्यांचे सुटे भाग होते. भाडं ४८,००० ठरलं, ३८,००० ॲडव्हान्स मिळाला, १०,००० बाकी. चाकणला गेटवर तीन दिवस काढले. हॉल्टिंगचं विचारलं तर दलाल म्हणाला, "पोच पाठवा अण्णा, सगळं एकदम देतो." मी मूळ पोच कुरियर केली. त्यानंतर आठवडाभर तो फोन उचलत होता. आधी साहेब बाहेर गेले, मग माल कमी भरला, शॉर्टेज निघालं, मग वाराईचे, म्हणजे हमालीचे, अठराशे कापले असं म्हणाला. ज्याचा माल त्याचा हमाल असं आपण वर्षानुवर्षं ओरडतोय, तरी वाराई गाडीवाल्याच्याच भाड्यातून जाते. शेवटी फोन बंद. बिल्टीवर ज्यांचं नाव होतं त्या ट्रान्सपोर्टच्या पुण्यातल्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुनीमजींनी वही उघडून दाखवली. दलालाला पूर्ण पैसे चार दिवसांपूर्वीच गेले होते. "तुम्ही पोच आमच्याकडे आणली असती तर त्याला थांबवता आलं असतं," ते म्हणाले. मुलीच्या कॉलेजची फी त्या दहा हजारांतून भरायची होती. आजही तो आकडा डोक्यातून जात नाही.

म्हणून पहिली गाडी घेणाऱ्या त्या पोराला मी एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली: मूळ पोच हातातून सोडू नकोस. फोटो पाठव, मागतील तितके पाठव. मूळ कागद बाकी जमा झाल्यावर दे, नाहीतर बिल्टीवर ज्याचं नाव आहे त्याच्या ऑफिसात नेऊन दे आणि दिल्याची सही घे. आणि भरतीच्या आधीच बिल्टी वाच. त्यावरच्या ट्रान्सपोर्टला स्वतः फोन लाव, भाडं किती ते नको विचारू, फक्त ही गाडी तुमचीच लागली ना एवढं विचार. खोटा दलाल इथेच गडबडतो. गेटपाससाठी किंवा नंबर लावायला आधी पैसे पाठवा म्हणणाऱ्याचा फोन तर तिथेच ठेवून दे. आरसी, लायसन्सचे फोटोही ग्रुपवर कुणालाही टाकू नकोस, त्यावर दुसरीच गाडी उभी करून माल पळवतात.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो कागद मागतो. २००७ च्या कॅरेज बाय रोड ॲक्टमध्ये कॉमन कॅरिअरच्या, म्हणजे भाड्याने माल नेणाऱ्याच्या, व्याख्येत दलालही येतो आणि त्याला नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की निम्मे जण विषय बदलतात. टीडीएस म्हणून, म्हणजे आयकरापोटी, एक टक्का कापून घेतात तेही बघा. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकाने पॅन आणि तसं घोषणापत्र दिलं, तर तो कापायचा नसतो. मी आता उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, केलीय. त्याने ४५ दिवसांवर थकलेल्या पैशांसाठी दाद मागता येते, व्याजासकट. पण भाडं कुठेच लिहिलेलं नसेल तर दाखवणार काय? म्हणून भाडं, ॲडव्हान्स, बाकी आणि हॉल्टिंग दिवसाला किती, हे चार आकडे मी व्हॉट्सॲपवर लिहून घेतो. "हो" असं उत्तर आल्याशिवाय ताडपत्री सोडत नाही. दोन भाडी यामुळे गेली माझी, एक रात्र रिकामी काढली. चालेल.

काल रात्री होसूरहून भरून चाकणला आलो, दुपारी गाडी खाली झाली. बाकी ६,५०० यायची आहे. दलाल नवीन आहे, बोलायला गोड आहे, सकाळपासून चार वेळा पोच मागून झालीय. फोटो पाठवलाय. मूळ कागद ड्रायव्हर सीटवरच्या कप्प्यात, आरसीच्या पाकिटात आहे.