रुमाल टाकून धरलेल्या जागा

आईचा फोनवर एकच धोशा. "मार्क चांगले आहेत ना गं तुझे? मग ॲडमिशन का देत नाहीत?"

तिला कसं सांगणार, की ॲडमिशन कधीच मिळाली आहे! कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) अर्ज केला की प्रवेश मिळतो. कट-ऑफ नाही, पहिली यादी-दुसरी यादी नाही, मार्कलिस्टकडे कुणी ढुंकून बघत नाही. मिळत नाही तो वर्ग. म्हणजे कॉलेज तुमचं, ओळखपत्र तुमचं, पार्किंगचा पासही तुमचा, फक्त बसायला जागा नाही.

मी सांगलीची, झूलॉजीत बीएस्सी. लग्नानंतर फ्रीमाँटला आले, लेक चार वर्षांची झाली आणि नर्सिंगला जायचं ठरवलं. त्यासाठी आधी ॲनॅटॉमी, मग फिजिऑलॉजी, मग मायक्रोबायॉलॉजी. आमच्या कॉलेजात ॲनॅटॉमी झाल्याशिवाय फिजिऑलॉजीला हात लावता येत नाही आणि नर्सिंगचे अर्ज वर्षातून एकदाच घेतात. त्यामुळे पहिलीच गाडी चुकली की सहा महिने नाही, अख्खं वर्ष जातं. फीबद्दल तक्रार नाही. इथे राहून वर्ष उलटलं होतं, त्यामुळे एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर असूनही मला स्थानिकांचाच दर लागला: युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, 46 डॉलर. पाच युनिटांची ॲनॅटॉमी 230 डॉलरमध्ये. बाहेरच्यांना याच्या कैक पट मोजावे लागतात. स्वस्त आहे म्हणूनच गर्दी आहे, हेही खरं.

अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी मला वाटत होतं की रजिस्ट्रेशन म्हणजे एक तारीख असते, त्या दिवशी सगळे तुटून पडतात. तसं नाही. प्रत्येकाला स्वतःची वेळ मिळते. आधी माजी सैनिक, फोस्टर केअरमध्ये (सरकारने सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या घरी) वाढलेली मुलं, अपंग विद्यार्थी, अगदी कमी उत्पन्नाच्या घरातली. मग आधीपासून शिकत असलेले, मग नवे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी जो जास्त वर्षं ठाण मांडून बसलाय त्याचा नंबर आधी असायचा. 2014 पासून राज्यभर नियम बदलला. आता 100 युनिटांच्या वर गेलेल्याची पाळी मागे जाते. आणि नव्या विद्यार्थ्याने ओरिएंटेशन आणि पुढच्या सत्रांचा लेखी आराखडा (एज्युकेशन प्लॅन म्हणतात त्याला) पूर्ण केला, तरच त्याला त्यातल्या त्यात बरी तारीख मिळते.

मी ओरिएंटेशनचे व्हिडिओ लेकीला भरवता भरवता बघून टाकले होते. आराखडा राहिला. समुपदेशकाची वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची, आणि मधल्या काळात माझं सगळं लक्ष दुसऱ्याच कागदावर. झूलॉजीत बीएस्सी झालेल्या बाईला बायॉलॉजीची पहिली पायरी येते का, हे ॲनॅटॉमीआधी सिद्ध करायचं होतं. भावाने विद्यापीठातून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट काढून पाठवलं, इथल्या संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं, तेव्हा कुठे ती अट सुटली. अट सुटली त्या दिवशी आम्ही घरी श्रीखंड केलं. घाई झाली जरा.

कारण तारीख हातात पडली ती मे महिन्यातल्या शेवटच्या दिवसाची, दुपारी दोनची. दोन वाजता बघितलं तर ॲनॅटॉमीचे पाचही वर्ग भरलेले. एका प्रयोगशाळेत सहा टेबलं, टेबलाला चौघं, म्हणजे वर्गात 24. पंचविसावा बसवायचा कुठे? व्याख्यानाच्या हॉलमध्ये खुर्ची वाढवता येते, हाडांच्या पेटीपुढे नाही. वेटलिस्टवर दहा जणांना जागा होती. संध्याकाळच्या वर्गाला माझा नंबर सातवा लागला.

सातवा म्हणजे आशेला जागा होती, कारण ऑगस्टपर्यंत गळती होतेच. याचं गणित मला शेजारच्या ताईंनी समजावलं, त्या या सगळ्यातून गेलेल्या. एका कॉलेजात एका विषयाचे दोन वर्ग घेता येत नाहीत. म्हणून लोक या कॉलेजात एक घेतात आणि पंधरा मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात एक. जमेल तो ठेवतात, दुसरा शेवटच्या आठवड्यात सोडतात. "आपली एसटी आठव," ताई म्हणाल्या, "खिडकीतून रुमाल टाकायचा, मग निवांत चढायचं. इथं दोन गाड्यांत रुमाल टाकतात, एवढंच." हे ऐकल्यापासून मला प्रत्येक भरलेल्या वर्गात माणसांऐवजी रुमाल दिसायला लागले.

जुलैत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मी लेकीला घेऊन सांगलीला गेले. तिथेच घात झाला. वेटलिस्टमधला नंबर लागला की कॉलेज ईमेल पाठवतं आणि 24 तासांत जागा घ्यायची असते. ईमेल आला मंगळवारी, कॅलिफोर्नियाच्या चार वाजता, म्हणजे आपल्या बुधवारी पहाटे साडेचारला. बुधवार हॉस्पिटलात गेला. बाबांच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, फोन चार्जिंगला लावून विसरले. गुरुवारी सकाळी आठला चहा घेताना उघडला. साडेतीन तास उशीर. जागा पुढच्याला गेली होती आणि माझं नाव यादीतून उडालेलं. परत चढवलं तर नंबर नववा. बाबा एका डोळ्याने विचारत होते, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, पहिल्या तासाला, नाव नसतानाही वर्गात जाऊन उभी राहिले. इथे याला रीतच आहे. प्राध्यापक हजेरी घेतात, पहिल्या दिवशी जो आला नाही त्याचं नाव कापतात आणि त्याची जागा दारातल्यांना देतात. आम्ही दारातले सात-आठ जण भिंतीला टेकून, मी सिंकच्या शेजारी. हजेरी चालू असताना आम्ही काय ऐकत होतो, तर शांतता. नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, की भिंतीपाशी सगळे एकदम ताठ. अशा दोन शांतता झाल्या. दोन जागा वेटलिस्टमधल्या वरच्या दोघांना गेल्या.

बाकीच्यांची नावं बाईंनी एका पिवळ्या कागदावर क्रमाने लिहिली. पहिला एक उंच मुलगा, दुसरी कॉफी शॉपचा काळा एप्रन घातलेली मुलगी, तिसरी मी. "येत राहा," बाई म्हणाल्या, "जो हजर नसेल त्याला सोडून मी पुढे जाईन."

बुधवारी फी न भरलेल्या एकाचं नाव उडालं, उंच मुलाला जागा मिळाली. एप्रनवाली माझ्याकडे बघून हसली, म्हणजे आता आपण दोघीच. तिने मधल्या वेळात तिच्या वहीतली कवटीच्या हाडांची नावं मला उतरवून घेऊ दिली. दोघींचंही नाव वर्गात नव्हतं, पण स्फेनॉइड पाठ होतं.

पुढच्या सोमवारी लेबर डेची सुट्टी, म्हणून तिसरा तास बुधवारी. नवऱ्याला त्या दिवशी मीटिंग होती, लेकीला ताईंकडे सोडून मी धावत पोचले. हाडांवर पहिली चाचणी होती आणि चाचणीच्या भीतीने एकाने वर्ग सोडला होता. बाईंनी पिवळा कागद काढला, एप्रनवालीचं नाव घेतलं. ती नव्हती. दारापर्यंत जाऊन बघून आल्या, पुन्हा नाव घेतलं. मग माझ्या हातावर चिठ्ठी ठेवली. वर्गात नाव चढवायचा सहा आकडी ॲड कोड, निळ्या पेनाने लिहिलेला, खाली तारीख. मी वर्गातच, फोनवर, दोन-दोनदा आकडे तपासून तो टाकला.

वीस मिनिटांनी दार उघडलं. एप्रन तसाच, शिफ्टवरून थेट आलेली. तिने मला टेबलाशी बसलेलं पाहिलं, हातातला पेपर पाहिला, आणि काही न विचारता दार हळूच लावून गेली. नियमाप्रमाणे जागा माझीच होती. तरी त्या चाचणीत मला उजवं हाड कोणतं आणि डावं कोणतं, ते एकदाही बरोबर सांगता आलं नाही.

ऑक्टोबरात टेबलावरची जोडीदारीण, दोन मुलांची आई, सहज म्हणाली, "तुला मुलगी आहे ना? मग तू शेवटच्या तारखेला का?" मला कळेना. मूल सांभाळून शिकणाऱ्यांना जुलै 2023 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आधी रजिस्ट्रेशन करता येतं. एक अर्ज भरायचा असतो. मेमध्ये माझ्यासमोर बसून ज्या बाईंनी आराखडा केला, त्यांच्या टेबलावर माझ्या लेकीने अर्धा तास रंगीत खडूंनी घोडा काढला होता. त्यांनी विचारलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही. अर्ज एका पानाचा निघाला. तुमच्यात कुणाला लागू असेल तर आजच भरा, श्रीखंड नंतर.

नोव्हेंबरात माझी तारीख आली ती पहिल्याच दिवसाची, सकाळी सातची. सात वाजून तीन मिनिटांनी फिजिऑलॉजीचा वर्ग माझा झाला. 24 पैकी 19 जागा अजून रिकाम्या दिसत होत्या. इतक्या रिकाम्या जागा मी त्या पडद्यावर कधी पाहिल्याच नव्हत्या. आईला फोन केला, ती म्हणाली, "बघ, मार्क सुधारले असतील."

लेकीला शाळेत सोडून कॉलेजसमोरच्या दुकानात कॉफी घ्यायला गेले. काउंटरमागे तीच. त्यानंतर ती सकाळच्या वर्गाच्या दारात उभी राहिली होती, तिथेही नंबर लागला नव्हता. आता पुन्हा ॲनॅटॉमीच घेणार होती.

"तुझी तारीख कधीची?" तिने विचारलं.

"आजच होती."

"माझी पुढच्या मंगळवारी," ती म्हणाली, आणि कपावर झाकण दाबून बसवलं.