तात्या रजेवर असतील तेव्हा?

आमचं संग्रहालय वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. मांडणीच्या दोन खोल्या, कोठाराची एक आणि जिन्याखालची अडगळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं इतिहास मंडळ ते चालवतं. माझ्या नेमणूकपत्रावर 'सहायक' लिहिलंय. म्हणजे तिकिटं फाडायची, शाळेच्या सहलींना माहिती सांगायची, वीजबिल भरायचं आणि पावसाचं पाणी खिडकीतून आत आलं की पोतं टाकायचं. माझ्याखेरीज तात्या. कागदोपत्री शिपाई, पण चौतीस वर्षं तिथंच काढलेली. बाकी सगळे कार्यकारिणीत, आणि कार्यकारिणीत सत्तरीच्या आतले फक्त खजिनदार.

प्रशिक्षणाला जायचं डोक्यात आलं ते एका पानाच्या डब्यामुळे. ठाण्याहून एक गृहस्थ आले. म्हणाले, "आमच्या आजोबांनी तुमच्याकडे डबा ठेवायला दिला होता. आता घरात लग्न आहे, तो परत हवाय." नोंदवहीत पाहिलं. क्रमांक २१४, 'पितळी पानाचा डबा, नक्षीदार'. कुणी दिला, कधी दिला, देणगी म्हणून की नुसता सांभाळायला, काही नाही. त्यांच्याकडेही कागद नव्हता. अर्धा तास ते चढ्या आवाजात बोलले, वकिलाचं नाव घेऊन गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते खोटं बोलत असावेत असं मला अजिबात वाटत नव्हतं.

मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात छोट्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी दहा दिवसांचा वर्ग होता, नोव्हेंबरात. पुढे सहा महिने आपापल्या संग्रहालयात एक काम करायचं, अहवाल द्यायचा, मग प्रमाणपत्र. अर्ज भरायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडले. 'संस्थेचे संग्रह धोरण जोडा.' आमच्याकडे धोरण म्हणजे कुणी काही आणून दिलं की नाही म्हणायचं नाही. मी तेच जरा बऱ्या भाषेत लिहिलं. पुढे कळलं, वर्गातल्या बहुतेकांनी हेच केलं होतं.

कार्यवाहांनी विचारलं, "अगं, पण शिकून तुला करायचंय काय? पगार वाढणार नाही हां." मी डब्याची गोष्ट पुन्हा सांगितली. वकील हा शब्द ऐकल्यावर अर्धी फी मंजूर झाली. रजा मात्र माझीच गेली.

वर्गात आम्ही अठरा जण होतो. कुणी महाविद्यालयातल्या दगडांच्या संग्रहाचं काम बघणारा, कुणी जुन्या वाड्यातलं खासगी संग्रहालय एकटीनं चालवणारी. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मोठमोठे शब्द कानांवर पडतील. पडले ते आकडे. कापड, हस्तलिखित, जलरंगातलं चित्र यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये. लक्स हे उजेडाचं माप, ते उजेड मोजायचं यंत्र हातात देऊनच दाखवलं. आमच्याकडची पैठणी खिडकीसमोरच्या काचपेटीत आहे. तिची घडी उलगडली की आतला जांभळा आणि बाहेरचा राखाडी असे दोन रंग दिसतात. आम्ही ते सहलीच्या मुलांना 'किती जुनी आहे बघा' म्हणून दाखवत होतो.

डांबरगोळ्यांचंही तसंच. आमच्या कोठाराला डांबरगोळ्यांचाच वास, आणि मला तो संग्रहालयाचाच वास वाटायचा. तो श्वासाला वाईट, आणि एवढं करूनही कसर थांबत नाही, हे कळल्यावर आधी आठवलं ते तात्यांचं डोकं दुखणं. गुढीपाडव्याच्या आधी आम्ही पितळेच्या समया चिंच-मीठ लावून लखलखीत घासायचो, त्याबद्दल मी वर्गात बोललेच नाही. शिकवणाऱ्या बाईंनी घासूनघासून नक्षी बोथट झालेल्या एका समईचं चित्र दाखवलं तेव्हा खाली बघत बसले.

सगळंच पटलं असंही नाही. हवेतल्या दमटपणावर वातानुकूलन हा उपाय सांगितला तेव्हा मी विचारलं, "आमच्याकडे जुलैत दिवसाला चार वेळा वीज जाते, मग?" उत्तर प्रामाणिक मिळालं. सारखं चालू-बंद होणारं यंत्र नसलेलंच बरं, कारण दमटपणा एकसारखा राहण्यापेक्षा वरखाली होणं जास्त बाधतं. मग कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जमिनीपासून उचला, पन्हळी आगोटीआधी साफ करा. हे माझ्या आजीनं सांगितलं असतं. पण आजीचं आम्ही घरात ऐकत होतो, संग्रहालयात नाही.

जेवणाच्या सुट्टीत विदर्भातल्या एकाने विचारलं, शेतकरी नांगरताना सापडलेली नाणी घेऊन आला तर काय करायचं? आमच्यातल्या निम्म्यांचं उत्तर, 'ठेवून घ्यायची.' तिथं कळलं की १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं. दहा रुपये! आमच्या तिकिटाएवढे. आपण मध्ये पडायचं ते शेतकऱ्याला हे समजावण्यापुरतं.

आणि मग सहावा दिवस. विषय कोठाराचा. रोममधली इक्रॉम ही संस्था जगभरच्या संग्रहालयांना जतनाचं मार्गदर्शन करते. तिने युनेस्कोबरोबर २०११ साली केलेल्या पाहणीत असं दिसलं होतं की जगातल्या संग्रहालयांच्या कोठारांतल्या ६० टक्के वस्तू धोक्यात आहेत. तिनेच छोट्या संग्रहालयांसाठी कोठार लावायची एक पद्धत बसवली आहे. त्या पद्धतीच्या दोन कसोट्या माझ्या वहीत मोठ्या अक्षरात आहेत. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत.

बाईंनी लगेच परीक्षा घेतली. प्रत्येकाने आपल्या संग्रहालयात फोन लावायचा, एक क्रमांक सांगायचा आणि घड्याळ लावायचं. बहुतेकांकडे फोनच कुणी उचलला नाही. एकाला चाळीस मिनिटांनी उलट फोन आला, "साहेब, तो क्रमांक दोन वस्तूंवर आहे." माझी पाळी आली. मी म्हटलं, "तात्या, २१४ काढा." तात्या म्हणाले, "धर जरा." कपाटाचं दार करकरलं. "हा घे डबा. आतल्या चुन्याच्या डबीचा झाकण नाय हां, ते आधीपासूनच नाय." एक मिनिट पन्नास सेकंद.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी फुगले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "छान. आता तात्या रजेवर असतील तेव्हा?"

तात्या रजेवर नव्हे, निवृत्त व्हायचे होते. ३१ मेला. अहवालाची मुदतही तीच.

जतनाच्या अभ्यासात वस्तूंच्या दहा शत्रूंची एक यादी असते. आग, पाणी, चोर, कीड, उजेड वगैरे. त्यात शेवटचा शत्रू म्हणजे वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. वस्तू धडधाकट असते, पण ती कुणाची, कुठली, कशासाठी, हे गेलेलं असतं. आमच्याकडे आग लागली नव्हती, चोरी झाली नव्हती. आमचं सगळं संग्रहालय एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस गुडघेदुखीनं जिना चढेनासा झाला होता.

डिसेंबरात मोजणी सुरू केली. दोन बाजूंनी करायची असते. वही घेऊन वस्तू शोधायची, आणि मग वस्तू घेऊन वहीत शोधायची. पहिली बाजू सगळे करतात, दुसरीत घाम फुटतो. वहीत ११६३ नोंदी होत्या. त्यांतल्या ७४ वस्तू मिळाल्या नाहीत. उलट क्रमांकच नसलेल्या २३१ निघाल्या. जिन्याखाली तर एक आख्खी ट्रंक, मोडी कागदांची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ते वर्तमानपत्र आतल्या कागदांपेक्षा जास्त पिवळं पडलं होतं. चांगला आम्लविरहित कागद आम्हाला परवडणारा नव्हता. मांजरपाट आणून दोनदा उकळून खळ काढली, त्यात कागद बांधले आणि वरून खारव्याचे रुमाल. खारव्याचा तांबडा रंग ओलीत उतरतो, म्हणून आत मांजरपाट.

जुने क्रमांक बदलायचे नाहीत, हे मला वर्गात दोनदा बजावलं होतं. नव्या उत्साहात सगळ्यांना नवे क्रमांक देण्याचा मोह होतो आणि मग जुन्या पत्रांशी धागा तुटतो. क्रमांक लिहायची रीत मात्र बदलली. आमच्याकडे पांढऱ्या तैलरंगात, वस्तूच्या दर्शनी भागावर, ठसठशीत आकडे होते. आता धातूवर आणि चिनी मातीवर पॅरालॉइड बी-७२ ही पारदर्शक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा पातळ थर, वाळल्यावर काळ्या शाईनं बारीक आकडा, वर पुन्हा एक थर. नको झाला तर ॲसिटोननं निघतो. कापडाला सुती नाडी टाचायची, कागदावर मऊ पेन्सिल.

खरी मजा आली मापांच्या वेळी. वहीत क्रमांक ३१८, 'जुनी मापे, संच १'. मी पाच मापं मांडून ३१८.१ ते ३१८.५ लिहायला घेतलं आणि नावापाशी अडले. तात्या खुर्चीवरून म्हणाले, "ह्या कोळवं, ह्या चिपटं, ह्या मापटं, हो शेर आणि ही पायली. दोन कोळव्यांचा चिपटा, दोन चिपट्यांचा मापटा, दोन मापट्यांचो शेर, चार शेरांची पायली." वर्गात क्रमांक द्यायला शिकवलं होतं, कोळवं ओळखायला नाही. त्या दिवसापासून मोबाइलवर तात्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला लागले. आधी ते लाजले. मग प्रत्येक वस्तूला गोष्ट जोडायला लागले, आणि एका दिवसात सात वस्तूंपलीकडे काम जाईना.

फेब्रुवारीत डबा क्रमांक २१४ हातात आला. पुसायला तळातली तबकडी उचलली तर खाली दुमडलेलं पोस्टकार्ड, १९७४ सालचं, तेव्हाच्या कार्यवाहांच्या नावानं. 'सोबत आमचे घरचा पानाचा डबा आपले संग्रहालयात ठेवण्यास देत आहे.' ठेवण्यास! कायमचा की सांभाळायला, हे त्या एका शब्दावरून कुणी सांगावं? मी ठाण्याला फोन केला, पत्र वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "हे अक्षर मला बघायला मिळेल का?" ते आले, पत्राचा फोटो घेतला. कार्यकारिणीशी बोलून पाच वर्षांचा उसनवारीचा करार झाला. लग्नासाठी चार दिवस डबा घरी गेला आणि परत आला. आता नवी वस्तू आली की दानपत्र भरल्याशिवाय ती दाराच्या आत येत नाही. दोन देणगीदार त्यामुळे रागावून गेले. जाऊ देत.

न सापडलेल्या ७४ वस्तूंची यादी कार्यकारिणीपुढे ठेवायची वेळ सगळ्यांत वाईट होती. कुणीतरी म्हणालं, "हे छापू नका, लोक काय म्हणतील?" कार्यवाह चष्मा काढून म्हणाले, "'हरवल्या' लिहू नकोस. 'आढळल्या नाहीत' लिही." मला आधी ती पळवाट वाटली. पण शोध पुरा झालेला नसताना 'हरवल्या' म्हणणंही चूकच. मार्चमध्ये त्यांतल्या तीन वस्तू एका माजी अध्यक्षांच्या घरी शोकेसमध्ये निघाल्या. प्रदर्शनाला नेल्या होत्या म्हणे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अहवाल पाठवला. जूनच्या पहिल्या पावसात प्रमाणपत्र टपालानं आलं, कडा ओल्या. तात्या तोपर्यंत घरी बसले होते, पण रोज चारला वाचनालयात पेपर वाचायला यायचे. त्यांना जिना चढवून आम्ही पुन्हा परीक्षा घेतली. वाचनालयातल्या मुलाला, जो कोठारात कधी गेलाच नव्हता, सांगितलं, "३१८.३ आण." त्याने वही उघडली. 'क-३-२', म्हणजे क खोली, तिसरं कपाट, दुसरी फळी. मी घड्याळ लावलं. आत दार खडखडत राहिलं. मुलगा मापटं घेऊन बाहेर आला तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झाली होती.

"कपाट लगेच सापडलं," तो म्हणाला, "पण दार उघडेना."

तात्या बाकावरून म्हणाले, "त्या दाराक आधी जरा वर उचलूचा लागता, बाय. लिहिलंस नाय काय ता?"

नव्हतं लिहिलं. क-३ च्या पुढे समासात लिहून टाकलं.